चकचकीत गाडीचा हिशेब

मराठीतले 'मारणे' हे क्रियापद भलतेच उदार आहे. आपण गप्पा मारतो, चकरा मारतो, भिंतीला चुना मारतो, दाराला रंग मारतो आणि गाडीला पॉलिशही मारतो. चुना काय, रंग काय, मारला की वर एक थर चढतो. पॉलिश त्याच रांगेत जाऊन बसल्यामुळे गाडीला पॉलिश मारले म्हणजे तिच्यावर काहीतरी चढवले, अशी आपली पक्की समजूत झाली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. गाडीच्या पॉलिशने काही चढत नाही, उतरते. जे उतरते ते मळ किंवा धूळ नसते, तो गाडीचा रंगच असतो. चकाकी आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीसाठी आपण दुसरी खर्च करीत असतो, हे एकदा नीट मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेली. तिथे पहिल्याच आठवड्यात जी गोष्ट शिकवली जाते, ती गाडीच्या बहुसंख्य मालकांना आयुष्यभर ठाऊक नसते. ती म्हणजे रंगाची जाडी. उघड्या पत्र्यावर आधी फॉस्फेटचा संस्कार होतो. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात, तो साधारण वीस मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी भरते शंभर ते दीडशे मायक्रॉन. आपण या घडीला हातात धरलेला वर्तमानपत्राचा कागद साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा आहे. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीचे ऊन-पावसापासून रक्षण करणारा सगळा रंग जेमतेम या पुरवणीच्या दोन पानांएवढा जाड. त्यातला वरचा क्लिअर कोट तर चाळीस-पन्नास मायक्रॉनचाच, म्हणजे एका पानाहूनही पातळ. पॉलिशचा सगळा व्यवहार होतो तो या एका पानावर.

चकाकी म्हणजे काय, हे समजायला गावचे तळे आठवावे. वारा पडलेला असला की काठावरचा वड पाण्यात जसाच्या तसा दिसतो. वाऱ्याची झुळूक आली की तोच वड विस्कटतो. पाणी तेच असते, त्याचा पृष्ठभाग तेवढा बदललेला असतो. गाडीच्या रंगाचेही तसेच. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परत येतो आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या बॉनेटवर मोजता येतात. त्यावर बारीक ओरखडे पडले की प्रकाश विखुरतो आणि रंग मलूल दिसू लागतो. उन्हात उभ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ती खरे तर वर्तुळे नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे पडलेले तेवढे उजळतात आणि डोळ्याला जाळे दिसते. काळ्या गाडीवर ते लगेच नजरेत भरते, पांढरीवर लपते. पडलेले असते दोघींवरही सारखेच.

हे ओरखडे घालवायचा मार्ग एकच. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा रंग खरवडून सगळे एका पातळीत आणायचे. पॉलिशच्या डबीत ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी अतिशय बारीक अपघर्षक पूड असते. फिरत्या मशीनच्या गादीवर ती घेऊन घासले की क्लिअर कोटचा एखाद-दुसरा मायक्रॉन निघतो. हात जड असला, कंपाउंड भरड असले, तर चार-पाच. बॉडीच्या कडांवर आणि उठावाच्या रेघांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे मशीन क्षणभर जास्त रेंगाळले तर खालचा थर उघडा पडतो. कारागीर त्याला 'रंग जळला' म्हणतात. हे काम वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. निष्णात हाताने, जाडी मोजून, वर्षांतून नव्हे तर काही वर्षांतून एकदा केले तर ते उत्तमच. मात्र ते ठेवीतून पैसे काढण्यासारखे आहे. काढावे लागतात तेव्हा जरूर काढावेत, पण काढलेल्या पैशाला मिळकत समजू नये.

आपल्या आजीला हा फरक कुणी समजावून द्यावा लागला नव्हता. देवाचा तांब्या काळवंडला की ती चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन घासायची. तांब्या लखलखायचा. पण चिंचेने वरचा काळपट थर उतरतो आणि लखलखाट आठवड्याभरात मावळतो, हे तिला ठाऊक होते. पितळेच्या पातेल्याला मात्र ती कल्हई करून घ्यायची. कल्हईवाला दारात भाता मांडायचा, भांडे तापवायचा, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा आणि पातेले आतून चांदीसारखे होऊन बाहेर पडायचे. ती चकाकी शोभेसाठी नव्हती. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, आमटी कळकते म्हणून तो कथलाचा थर. चिंचेने उतरते आणि कल्हईने चढते. पहिल्यात चमक आहे, दुसऱ्यात रक्षण आहे आणि चमक ओघाने येते. गाडीच्या बाबतीत पॉलिश म्हणजे चिंच, तर वॅक्स किंवा लेप म्हणजे कल्हई. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने, पुष्कळदा एकाच डबीतून विकली जातात. त्यात सुताराचे फ्रेंच पॉलिश लाखेचा थर चढवणारे आणि बुटाचे पॉलिश मेण चढवणारे. मग माणसाचा घोटाळा होणार नाही तर काय!

घासून चमक आणण्याची ही रीत आली कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. मोटारीच्या पहिल्या काळात घोडागाडीला देत तसाच ब्रशने रंग देत आणि थरावर थर वाळवत बसण्यात आठवडेच्या आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने जनरल मोटर्ससाठी 'ड्युको' नावाचे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर बाजारात आणले. ते फवारता येई आणि झटकन वाळे. ते नाव आपल्याकडे असे रुजले, की आजही कपाटाला फवाऱ्याने रंग देणारा कारागीर 'ड्युको मारला' असेच म्हणतो. मात्र हे लॅकर वाळल्यावर मंद दिसे. त्याला चकाकी आणायची तर ते घासावेच लागे आणि उन्हाने खडूसारखे पांढुरके झाले की पुन्हा घासावे लागे. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात आपल्या गॅरेजवाल्यांचा हात ज्या रंगांवर बसला, त्यांवरही पारदर्शक थर नसे. रंगच सगळ्यांत वर.

त्या काळी एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसायची. निळ्या गाडीला पॉलिश करताना फडके निळे व्हायचे, हिरव्या गाडीचे हिरवे. मालक जवळ उभा असेल तर फडके बघून 'पुरे आता' म्हणायचा. पुढे क्लिअर कोट आला आणि गाडीचे आयुष्य खरोखर वाढले. पण त्याबरोबर हा साक्षीदार गेला. पारदर्शक थर घासला गेला तर फडक्यावर काय दिसणार? फडके पांढरे ते पांढरेच राहते आणि रंगाला काही झाले नाही असे वाटते. झीज थांबलेली नाही, फक्त दिसेनाशी झाली आहे. क्लिअर कोटमध्ये सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. थर जितका पातळ, तितकी ही ढाल दुबळी. दहा-बारा वर्षांच्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर कोड उठावे तसे पांढरे चट्टे आणि सुटलेले पापुद्रे आपण रस्त्यावर बघतो. त्यामागे ऊन असते, पावसाळे असतात आणि रंगाची मूळची प्रतही असते. पण दरवर्षी हौसेने घासून घेतलेल्या गाडीवर ती वेळ लवकर येते. पापुद्रा एकदा सुटला की जगातले कुठलेही पॉलिश उपयोगाचे नाही. नव्याने रंग देणे एवढेच हातात उरते.

घासण्यातही एक हातचलाखी आहे. काही पॉलिशांमध्ये तेले आणि भरण असते. ती ओरखड्यांत जाऊन बसतात आणि ओरखडे नाहीसे झाल्यासारखे दिसतात. भिंतीच्या भेगेत लांबी भरून वर रंग द्यावा, तसाच हा प्रकार. चार-सहा वेळा गाडी धुतली की भरण निघून जाते आणि जाळे पुन्हा हजर. मालक म्हणतो, पॉलिश टिकले नाही, पुन्हा मारा. जुनी गाडी विकण्याआधी असे भरण करणाऱ्यांबद्दल काय बोलावे! भिंतीला चुना मारणे आणि गिऱ्हाइकाला चुना लावणे यांतला फरक मराठी माणसाला सांगायला नको.

आता रक्षणाकडे वळू. सगळ्यांत जुने आणि अजूनही चांगले म्हणजे कार्नौबा मेण. ब्राझीलच्या ईशान्य भागात, जिथे पाऊस बेभरवशाचा, तिथे कार्नौबा नावाचा ताडाच्या कुळातला वृक्ष वाढतो. कोरड्या हवेत पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा लेप चढवतो. ती पाने वाळवून, झोडून हे मेण काढतात. ते ऐंशी अंशांच्या वर वितळते, म्हणून गाडीच्या तापलेल्या पत्र्यावरही काही काळ तग धरते. दुष्काळाशी झुंजणाऱ्या झाडाने स्वतःसाठी शोधलेला उपाय माणसाने मोटारीला लावला. अर्थात हे मेण अमर नाही. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत उतरते. पण उतरते ते मेण, खालचा रंग नव्हे. पुन्हा लावायला एक रविवार सकाळ आणि मऊ फडके पुरते.

हल्ली मात्र बोलबाला आहे तो सिरॅमिक कोटिंगचा. सिलिकावर आधारलेले हे द्रव्य रंगाला घट्ट धरून बसते. पाणी मोत्यांसारखे गोळा होऊन घरंगळते, धूळ कमी चिकटते, पक्ष्यांची विष्ठा वेळेवर पुसली तर रंग सहसा बिघडत नाही. हे गुण खरे आहेत आणि ते मान्य करायला मला संकोच नाही. पण त्याची जाडी किती? मायक्रॉन-दोन मायक्रॉन. आणि त्याच्या नावाने काय काय सांगितले जाते? 'नाइन एच' कडकपणा, हिऱ्याच्या खालोखाल! इथे दोन मापांची सरमिसळ केलेली असते. खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोहसच्या मापावर हिरा दहा आणि क्वार्ट्झ सात. 'नाइन एच' हे माप पेन्सिलीचे आहे. चित्रकलेच्या पेटीत असतात तशा एच, टू एच, थ्री एच अशा चढत्या कडक पेन्सिली ठराविक कोनात धरून लेपावर रेटतात आणि कोणती पेन्सिल ओरखडा काढते ते पाहतात. नाइन एच म्हणजे लेपाने त्या मालिकेतल्या सर्वांत कडक पेन्सिलीला दाद दिली नाही, इतकेच. आपल्या गाडीवर कुणी पेन्सिल घासत नाही, धूळ घासली जाते. आणि धुळीतल्या कणांपुढे पेन्सिल अगदीच मऊ.

लेपाच्या टिकाऊपणाची ग्वाही देण्याची आपली परंपरा जुनीच आहे म्हणा. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त देवळांसाठी आणि मूर्तींसाठी वज्रलेपाची कृती आहे आणि तो हजारो वर्षे टिकेल असेही सांगितले आहे. त्या मानाने शोरूममधला विक्रेता पाच वर्षांवर थांबतो, हा त्याचा विनयच! पण त्या पाच वर्षांच्या कागदावरचा बारीक मजकूर वाचावा. ठराविक काळाने गाडी त्यांच्याकडे आणून तपासणी करून घेण्याची अट बहुधा त्यात असते. आणि कोटिंगच्या आधी एक गोष्ट जवळजवळ नेहमी केली जाते. गाडी मशीनने घासून घेतली जाते. जुन्या, ओरखडलेल्या गाडीला त्याची गरज असते, कारण लेपाखाली ओरखडे कायमचे कोंडले जातात. पण कारखान्यातून चार दिवसांपूर्वी निघालेल्या कोऱ्या करकरीत गाडीला घासायचे ते कशासाठी? तेव्हा मालकाने निदान इतके विचारावे: घासण्याआधी रंगाची जाडी मोजली का, आणि घासल्यावर किती उरली? हे मोजण्याचे यंत्र हातात मावते. ज्याच्या दुकानात ते नाही, त्याच्या हाती मशीन देऊ नये.

पॉलीयुरेथेनची पारदर्शक फिल्म हा तिसरा उपाय. तिची जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन, म्हणजे मूळच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. उडालेल्या खडीपासून वाचवते ती हीच, मेण नव्हे आणि सिरॅमिकही नव्हे. पूर्ण गाडीला ती लावण्याचा खर्च मात्र लाखाच्या घरात जातो. ज्याला परवडते त्याने लावावी. सहा-सात लाखांच्या गाडीवर लाखाचे आवरण म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मूळ प्रश्न वेगळाच आहे. जे ओरखडे घालवण्यासाठी एवढा खटाटोप, ते पडतात कशाने? रस्त्यावरच्या अपघाताने क्वचितच. ते पडतात रोज सकाळी, पार्किंगमध्ये, आपल्याच सांगण्यावरून. रात्रभर गाडीवर धूळ बसते. शहरात ती केवळ माती नसते. बांधकामाची वाळू असते, सिमेंट असते, खडीची भुकटी असते. वाळूतला क्वार्ट्झ मोहसच्या मापावर सात. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमध्ये क्वार्ट्झ फारसे नसते, पण त्यातले फेल्डस्पार सहाच्या आसपास आहेच. या पुडीवर कोरडे फडके दाबून फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच झाले. मशीनवाला वर्षातून एकदा घासतो. आपण तीनशे पासष्ट दिवस घासतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो.

हे फडके ज्याच्या हातात असते, त्याचाही हिशेब मांडू. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा तरुण पहाटे साडेपाचला येतो आणि साडेआठपर्यंत तीस गाड्या उरकतो. तीन तासांत तीस, म्हणजे एका गाडीला सहा मिनिटे. त्यातच बादली भरून आणायची, मजल्यामजल्यावर फिरायचे आणि कुणी हाक मारली की धावायचे. एका बादलीत चार-पाच गाड्या निघतात. फडके म्हणजे कुणीतरी दिलेली जुनी बनियन, पहिल्या गाडीची वाळू दुसरीवर नेणारी. महिन्याला गाडीमागे पाचशे-सहाशे रुपये, म्हणजे रोजचे वीस रुपयांच्या आत. आणि गाडीवर जाळे दिसले की बोलणी खातो तोच. 'या पोरांना काही समजत नाही' असे म्हणणारे गृहस्थच वर्षाअखेरीस ते जाळे काढायला आठ-दहा हजार रुपये मोजून येतात. त्या मुलाला समजत नाही असे नाही. सहा मिनिटांत दुसरे काही करता येत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले समजते. चांगली मायक्रोफायबरची फडकी शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. ती कुणी विकत आणून त्याच्या हातात ठेवीत नाही. रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदाच, पण वीस-पंचवीस मिनिटे देऊन धू आणि पैसे तेवढेच घे, असे त्याला कुणी सांगत नाही. सांगितले तर त्याचे कष्ट वाचतील आणि आपला रंगही. पण शेजाऱ्याची गाडी रोज पुसली जाते आणि आपली नाही, हे आपल्याला सोसत नाही.

आता पाणी. बादलीने धुतली तर गाडीला दोन-तीन बादल्या, म्हणजे चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. नळी लावली तर काय होते, ते मी एका रविवारी घड्याळ लावून पाहिले. पंधरा लिटरची बादली नळीने सुमारे एका मिनिटात भरत होती आणि एका गाडीपाशी नळी बारा मिनिटे चालू होती. एकशे ऐंशी लिटर! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, ते महाराष्ट्र विसरला नसेल अशी आशा आहे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. आपल्या शहरांतही उन्हाळ्यात असे फतवे निघतात आणि पावसाबरोबर वाहून जातात. काहीजण म्हणतात, आम्ही बोअरचे पाणी वापरतो. तेही जमिनीतलेच, आणि त्यात बहुधा क्षार भरपूर. उन्हात वाळले की गाडीवर पांढरे डाग उठतात. ते काढायला पुन्हा पॉलिश. चक्र पूर्ण.

या चक्राच्या दुसऱ्या टोकाला, रंग पार गेल्यावर गाडी जिथे जाते, तिथे उभ्या असलेल्या माणसाबद्दलही बोलले पाहिजे. आजच्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याचा फवारा श्वासातून गेल्याने दम्याचा विकार जडतो, हे वैद्यकशास्त्रात नीट सिद्ध झालेले आहे. कारखान्यात आम्ही फवारणीच्या खोलीत बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा घातल्याखेरीज कुणाला पाऊल टाकू देत नसू. रस्त्याकडेच्या डेंटिंग-पेंटिंगच्या टपरीत तोच फवारा मारणारा पोरगा नाकाला रुमाल बांधतो. धूळ अडेल, हे रसायन रुमालाला जुमानत नाही. गाडीचा मूळ रंग जितकी वर्षे टिकेल, तितका हा फवारा कमी उडेल. रंगाची निगा राखण्याचे माझ्या मते हे एक चांगले कारण आहे. शेजाऱ्याचे डोळे दिपवणे हे त्याहून पुष्कळ हलके.

कुणी म्हणेल, माणसाने आयुष्यभर पैसे साठवून गाडी घेतली, तिच्याकडे बघून त्याला बरे वाटते, त्यात तुमचे काय जाते? रास्त प्रश्न आहे. मध्यमवर्गीय घरात गाडी ही अजूनही नुसती वस्तू नसते. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढतो, चाकापुढे नारळ फोडतो. ही भावना मला मोलाची वाटते. हळदीचा डाग उन्हाने फिका पडतो. कुंकू रात्री ओल्या फडक्याने टिपून घ्यावे आणि हाराची तार रंगाला लागू देऊ नये, एवढे पुरे. गाडी चमकू नये असे माझे म्हणणे नाहीच. नियमित धुतलेली, मेण लावलेली गाडी मोठ्या डौलाने चमकते. माझा आक्षेप आहे तो झीज विकत घेऊन तिला निगा म्हणण्याला. ज्याचे प्रेम गाडीवर आहे त्याने तरी हा फरक करावा.

करायचे ते फार नाही. कोरडे फडके बंद. आठवड्यातून एकदा गाडी सावलीत लावून आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवून घ्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा साबण आणि दुसरीत फडके खंगाळायला साधे पाणी. भांड्यांचा साबण नको, तो मेणही धुऊन नेतो. वरून खाली यावे, चाके शेवटी आणि त्यांचे फडके वेगळे. गाडी हवेवर वाळू देऊ नये, स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्यावी. पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक दिसल्या दिवशीच, पाण्याने भिजवून काढावा. दोन-तीन महिन्यांनी मेण. पाऊस लागण्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या आसपास एकदा, एवढे दोन हात चुकवू नयेत. ऐपत असेल तर सिरॅमिक, पण जाडी मोजून आणि त्याच्या मर्यादा समजून. मशीनचे पॉलिश सगळ्यांत शेवटी, ओरखडे खरोखर खटकू लागतील तेव्हा. आणि बारीक, नखाला न लागणारा एखादा ओरखडा राहिला तर राहू द्यावा. त्याच्याखाली रंग शाबूत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

सोसायट्यांच्या वार्षिक सभांत पार्किंगच्या रेघांवरून तास-दोन तास जातात. पुढच्या सभेत त्यातली दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. नळी बंद, गाड्या आठवड्यातून एकदा, फडकी आणि साबण मालकांचे, पुसणाऱ्याचा मोबदला तेवढाच किंवा थोडा जास्त. एवढा ठराव कुठल्याही कायद्याशिवाय, कुठल्याही महापालिकेची वाट न पाहता करता येतो. पार्किंगमधल्या गाड्या मग रोज सकाळी थोड्या धुळकट दिसतील. पाच वर्षांनी मात्र त्याच गाड्यांच्या टपावर समोरची इमारत स्वच्छ उमटलेली असेल आणि त्यासाठी कुणी त्यांना घासलेले नसेल.